चवळीच्या वेलाचे राखणदार

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यालगत, एक सशीण राहत असे. टापटिपीची तिला भारी हौस. बिळाच्या तोंडाशी तिने चवळीचा वेल लावला होता, कारण तिची चार पिल्ले लवकरच दूध सोडणार होती आणि त्यांना कोवळा पाला हवा होता. पण एके सकाळी पाहते तर काय, शेंडे आक्रसलेले आणि पाने चिकट झालेली!

वेलावर मुंग्यांची रांग लागली होती. त्यांची म्होरकी म्हणाली, "ताई, हे सगळं त्या काळ्या काटेरी अळ्यांचं काम. हाकला त्यांना! राखणीला आम्ही आहोतच. आम्हाला त्याबद्दल काहीसुद्धा नको हो." अळ्या दिसायलाही ओंगळच होत्या. सशिणीने त्या वेचून दूर गवतात टाकल्या आणि वर मुंग्यांचे आभार मानले. आता बोला! चार दिवसांत वेल आणखीच मरगळला.

रडवेली होऊन ती वेल मुळापासून कुरतडायला निघाली, तेव्हा शेजारचे म्हातारे कासव थबकले. "अगं पोरी, पानाची खालची बाजू बघितलीस का? मी जन्मभर तीच बघत आलोय. माझी उंचीच तेवढी!"

सशिणीने पान उलटले. खाली मोहरीहून बारीक, हिरवा मावा दाटीवाटीने बसून रस शोषत होता. मुंग्या त्याला मिशांनी गोंजारत होत्या आणि त्याच्या अंगातून येणारा गोड थेंब चाटत होत्या. तेवढ्यात नजरेतून सुटलेली एक काटेरी अळी आली आणि तिने माव्यातला एक किडा मटकावला, मग दुसरा, मग तिसरा.

"हाकला तिला!" म्होरकी किंचाळली.

"का हो? तुमचा गोड थेंब जाईल म्हणून?" सशीण म्हणाली. स्वतःच्या भोळेपणाची तिला फार लाज वाटली.

तिने ओल्या पंजाने पाने पुसली. गुराख्यांच्या विझलेल्या शेकोटीतली राख बुंध्याभोवती पसरून मुंग्यांची वाट अडवली. मग गवत पालथे घालून अळ्या परत आणल्या. काही दिवसांत त्यातल्या बऱ्याच अळ्यांचे लाल, ठिपकेदार भुंगेरे झाले आणि वेलाला नवी पालवी फुटली.

पिल्ले पाला खायला आली तेव्हा धाकटे ओरडले, "आई, ई! पानावर काळी अळी!"

"असू दे, बाळा," सशीण हसून म्हणाली. "आपल्याआधी तीच जेवायला बसली, म्हणून आपल्याला पान मिळालं."

तात्पर्य : रूपावरून शत्रू आणि गोड बोलण्यावरून मित्र ठरवू नये; कोण काय करतो ते आधी वाकून, नीट पाहावे.