तांडेलाचे फणस

भर समुद्रात एकमेकांपासून लांब लांब अशी काही बेटं होती. त्यातल्या सगळ्यात लहान बेटावर एक कोंबडी राहत असे. जीव एवढासा, पण तोंड आणि हिंमत दोन्ही मोठी. एका पावसाळ्यात एक मुंगूस ओंडक्यावर बसून वाहत त्या बेटावर आलं आणि तिथंच राहिलं. कोंबडीनं अंडी घालायची आणि मुंगसानं फोडून खायची, असं सुरू झालं. शेजारणी म्हणाल्या, "आपलं नशीबच असं. रडून काय होणार?"

"रडतंय कोण?" कोंबडी म्हणाली. "मी चालले."

एक बेट सोडून पलीकडच्या बेटावर मुंगूस नाही, असं तिला बगळ्यानं सांगितलं होतं. तिनं या खेपेची अंडी गवत घातलेल्या टोपलीत ठेवली आणि माकडाची होडी गाठली. माकड त्या होडीचं तांडेल. होडी त्याची, सुकाणू त्याच्या हातात, आणि हुकूमही त्याचाच. बहिणीच्या बाळंतपणाला निघालेली एक शेळी होती, तिनं टोपली दातात धरून आत ठेवली. एक बोकाही सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन बसला होता. कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसली आणि होडी निघाली.

पोरांनो, होडीतून बेटं फिरायची म्हटलं की तुम्हाला मजा वाटते. मजा किनाऱ्यावरून बघणाऱ्याला. होडीत डोक्यावर ऊन, पायाखाली साचलेलं घाण पाणी, अंगावर मिठाचा थर आणि खायला भिजून फुगलेला दाणा. बोका तर मधल्या बेटापर्यंत ओकतच होता. तिथं पोचले तर वारा उलटा. वारा फिरेपर्यंत सगळे ओल्या अंगानं वाळूत पडून राहिले. कोंबडी तेवढी टोपलीतून हलली नाही. अंडी गार पडली की संपलं, हे तिला माहीत होतं. दाणा टिपायला उतरायची ती धावत आणि परत यायची तीही धावत.

वारा फिरला, होडी पुन्हा निघाली. पलीकडचं बेट दिसायला लागलं आणि नेमका तेव्हाच समुद्र खवळला. होडी आधीच वजनानं खाली बसलेली. काठ पाण्याला टेकायला आलेला, त्यामुळं प्रत्येक लाट आत यायला लागली. माकड सुकाणू धरून ओरडलं, "वजन कमी करा! शेळीबाई, तुमचा पाला टाका!"

शेळीनं बहिणीसाठी घेतलेली कोवळ्या पाल्याची पेंढी मुकाट्यानं टाकली.

"बोकोबा, ते गाठोडं!"

बोक्यानं मासळी टाकली आणि तोंड फिरवून बसला. तरी पाणी येतच होतं.

"आता ती टोपली," माकड म्हणालं.

"टोपलीत माझी पोरं आहेत," कोंबडी म्हणाली.

"बाहेर येतील तेव्हा पोरं. आत्ता ती अंडी. अंडी म्हणजे सामान."

"आणि पुढं त्या गोणपाटाखाली काय आहे?"

"ते माझे फणस. ते शेवटी. आधी उतारूंचं सामान जातं, मग तांडेलाचं. दर्याचा रिवाज आहे हा."

"दर्यानं येऊन सांगितला का तुला? का तूच केलास?"

बोका पुटपुटला, "अगं बाई, वाद नको घालू. तुझं काय, तू पुन्हा घालशील अंडी."

"तूही पुन्हा मासळी धरशील, हाही पुन्हा फणस तोडील," कोंबडी कडाडली. "मग 'पुन्हा' म्हणून मलाच का सांगता?"

माकडानं एक हात लांब करून टोपली ओढली. कोंबडीनं त्या हातावर अशी चोच मारली की रक्त आलं. पण टोपली कलंडली, एक अंडं घरंगळलं आणि खालच्या पाण्यात फुटलं. कोंबडीनं एकदा तिकडं पाहिलं. मग उरलेल्या अंड्यांवर पंख पसरून ती गच्च बसली.

"शेळीबाई," ती ओरडली, "बहिणीचा पाला गेला ना तुझा? मग बघत काय बसलीस? डोक्यावरची शिंगं काय मिरवायला आहेत?"

शेळी उठली. दातांनी गोणपाट ओढलं. खाली हे एवढाले फणस! बोक्याचे डोळे विस्फारले. शेळीनं मान खाली घातली आणि पहिला फणस शिंगांनी समुद्रात लोटला. धप्प! मग दुसरा. मग तिसरा.

"अगं थांब! माझे फणस!" माकड किंचाळत होतं. पण सुकाणू सोडलं तर होडी उलटेल, हे त्यालाही कळत होतं. ते जागचं हललं नाही. बोका करवंटी घेऊन पाणी उपसायला लागला. शेवटचा फणस गेला तशी होडी हलकी होऊन वर आली. लाटा आता बाहेरूनच आपटत राहिल्या.

किनारा लागल्यावर माकड म्हणालं, "पुन्हा तुला माझ्या होडीत पाय ठेवू देणार नाही. आणि झालं ते इथं कुणाला सांगू नकोस. माझं नाव खराब होईल."

"तुझ्या होडीत येतंय कोण?" कोंबडी म्हणाली. "आणि सांगू नको? सांगणार! रोज सांगणार!"

कोंबडीचा आवाज केवढा असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. केवड्याच्या झुडपाखाली तिची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. तेव्हापासून माकडाची होडी लागली रे लागली की ती किनाऱ्यावर हजर. जाणाऱ्या प्रत्येक उतारूला ती ओरडून सांगे, "चढायच्या आधी तांडेलाचं सामान बघून घ्या!" आणि तिच्या मागं ओळीनं उभी राहून तिची पिल्लंही चिवचिव करत तेच सांगत.

तात्पर्य : बुडायची वेळ आली की कुणाचं ओझं टाकायचं हे जो ठरवतो, त्याचं स्वतःचं ओझं आधी बघावं.