पालीची शेपूट

संस्थानच्या तलावाचा बांध फुटला आणि खालच्या गावाची शेतं चिखलात गेली. बांधाचे दगड दिवाणजींनी स्वतःच्या बंगल्याच्या जोत्यासाठी उपसले होते, हे महाराज सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पण दरबारात उभा केला गेला तो पाटाचं पाणी सोडणारा म्हातारा भिवा पाटकरी.

"याच्याच गाफीलपणानं घात झाला, महाराज. हद्दपार करा याला," दिवाणजी गरजले.

गेल्या साली कोठार कोसळलं तेव्हा गवंडी असाच हद्दपार झाला होता, त्याआधी एक चौकीदार. भिवाला आता रडायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात दरबारातल्या मांजरानं भिंतीवरच्या पालीवर झडप घातली. पालीची तुटलेली शेपूट खाली वळवळू लागली, आणि मांजरासकट सगळा दरबार तिच्याकडेच बघत राहिला.

"बोल, तुझं काय म्हणणं आहे?" महाराजांनी विचारलं.

"काय बोलू, महाराज? जिवावर बेतलं की पाल शेपूट टाकते. मांजर शेपटीशी झुंजत बसतं आणि पाल निसटते. मी नुसती शेपूट. मला टाका, काही दिवसांत दुसरी फुटेल. गवंड्यामागून मी फुटलो, तशीच."

दिवाणजी खो खो हसले. "मग पाल कुठाय रे तुझी?"

भिवानं मानसुद्धा वर केली नाही. "नव्या बंगल्यात, सरकार. जोतं दगडी आहे म्हणतात."

महाराज उठले. "चला दिवाणजी, तुमचं जोतं बघू."