ओंडका कोणी वाजवावा

टण्ण... टण्ण... बाळांनो, हा आवाज मी ऐकला त्याला फार वर्षे झाली. आमच्या गावात खाण होती. खाणीच्या तोंडाशी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. त्याच्यावर हातोडा पडला की घराघरांतून माणसे डबा घेऊन निघत. आता खाण बंद आहे. रुळाचा तुकडाही तिथे नाही. पण तो आवाज आठवला की मला एक गोष्ट आठवते. सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

एका दाट जंगलात, डोंगराच्या कुशीत, उकरणाऱ्या प्राण्यांची वस्ती होती. साळू, घुशी, मुंगसे, सगळी तिथे मिळून राहत. त्यांच्या डोंगराच्या पोटात खारी माती होती. ही मंडळी खोल बोगदा खणून ती माती बाहेर काढत आणि चितळ, सांबर, गवे असे सारे जंगल ती चाटायला येई. येताना कोणी कंद आणी, कोणी बोरे, कोणी आवळे. वस्तीला मोठा मान होता. 'खाणीवरची मंडळी आली' म्हटले की पाणवठ्यावर गवासुद्धा सरकून जागा देई.

वस्तीचा पुढारी होता एक अस्वल. त्याला सगळे अस्वलबाबा म्हणत. खाणीच्या तोंडाशी सागाचा एक पोकळ ओंडका होता. रोज सकाळी अस्वलबाबा तो वाजवी. ढुम्, ढुम्! सगळे धावत गोळा होत. मग तो एकटाच आधी आत जाई. काठीने छत ठोकून पाही. आवाज भरीव आला की आतून हाक देई, "या रे!" आणि संध्याकाळी सगळे बाहेर पडले की सर्वांत शेवटी तो बाहेर येई. त्या खाणीत कधी कोणी मागे राहिले नाही. ही गोष्ट ती मंडळी मान ताठ करून सांगत, आणि त्यांनी सांगावीच अशी ती होती.

एके दिवशी छत पोकळ, बद्द वाजले; ते कोसळायच्या बेतात होते. अस्वलबाबाने आतून हाक दिली नाही. तो बाहेर आला, एक मोठा दगड ढकलून त्याने खाणीचे तोंड बंद केले आणि म्हणाला, "माती राहू दे आत. तुम्ही बाहेर राहा." पुढे तो म्हातारा झाला आणि गेला. खाण गेली, मान गेला. ओंडका मात्र तिथेच राहिला.

मग कोल्हा आला. त्याने ओंडका वाजवला. ढुम्, ढुम्! सगळे धावले. खरे तर त्यांचे पायच धावले. कोल्हा म्हणाला, "मी खाण पुन्हा सुरू करतो. माझी खूण म्हणून दाराला पळसाची डहाळी लावा." सगळ्यांनी लावली. कोल्हा त्यांच्या साठवणीतले कंद खाऊन निघून गेला. नंतर रानडुक्कर आला. त्यानेही ओंडका वाजवला, करंजाची डहाळी लावायला सांगितली, चार दिवस डोंगर उकरला आणि तोही गेला.

उंबरावर एक कावळा बसत असे. त्याला भारी मजा वाटे. वस्तीतल्या साळूला तो विचारी, "काय साळूबाई, आज दाराला कसली डहाळी?"

"करंजाची."

"परवा तर पळसाची होती!"

"परवा कोल्हा होता."

"मग उद्याची आजच तोडून ठेवा की! फेरी वाचेल."

साळूचे काटे खळखळ वाजत. एकदा तिने शेजारच्या म्हाताऱ्या घुशीला विचारले, "घूसआजी, आपण खरंच अशा आहोत का? आज याच्या, उद्या त्याच्या?"

घूस दात कोरत म्हणाली, "अगं, आपण कोणाच्याच नाही. आपण ओंडक्याच्या. आवाज आला की धावतो. वाजवतंय कोण, ते कधी वर मान करून पाहिलं का तू? मी तरी नाही पाहिलं."

ते शब्द साळूच्या मनात राहिले.

मग लांडगा आला. हा मोठ्या थाटाचा होता. खाऱ्या मातीसाठी हरणे डोंगरावर येतील आणि आपल्याला शिकारीला लांब जावे लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. त्याने एका गव्याशी गोड बोलून त्याच्याकडून खाणीच्या तोंडावरचा दगड बाजूला करवला आणि ओंडका वाजवला. ढुम्, ढुम्! वस्ती धावली. लांडग्याने खूण म्हणून सांगून ठेवलेली कडुनिंबाची डहाळीही येता येता सगळ्यांनी दाराला लावली.

"मंडळी," लांडगा म्हणाला, "बाकीचे नुसते बोलले. मी खाण उघडून दाखवली! तुमच्या तरुण पोरांना पाठवा आत. आजच माती बाहेर येऊ द्या. मी इथे तोंडाशी उभा राहून राखण करतो."

तरुणांनी आरोळी ठोकली. त्यांनी चालू खाण कधी पाहिलीच नव्हती, नुसत्या गोष्टी ऐकल्या होत्या. सर्वांत पुढे साळूची लेक होती. नखे घासून तयार, डोळे चमकत होते. "आई, मी पहिली जाते!" ती म्हणाली.

तेवढ्यात खाणीच्या आत कुठेतरी खडा पडला. खळ्ळ. लेकीला धरून मागे ओढावे, असे साळूला वाटले. पण आजच सकाळी तिने स्वतःच्या हाताने डहाळी लावली होती. सगळ्यांदेखत मागे कसे फिरायचे? तिने ओंडक्याकडे पाहिले. आणि आयुष्यात प्रथमच तिने मान वर करून ओंडका वाजवणाऱ्याकडे पाहिले. मग ती पुढे झाली आणि अगदी अदबीने म्हणाली, "लांडगेदादा, चला."

"कुठे?"

"आत. आमच्यात ओंडका वाजवणारा आधी आत जातो. छत ठोकून पाहतो, मग हाक देतो. आणि सगळे बाहेर आले की शेवटी येतो. अस्वलबाबा जन्मभर तसंच करायचे."

लांडगा हसला. "अहो बाई, तो जुना काळ होता!"

"ओंडका पण जुनाच आहे की रे बाबा," मागून म्हातारी घूस म्हणाली. "तोच बडवलास ना तू?"

सगळे खो खो हसले. आणि हसता हसता एकेकाला आठवू लागले. धावण्याची रीत त्यांनी जपली होती, पण आधी आत कोण जातो, हे पाहण्याची रीत ते विसरून गेले होते. कोणी काही न सांगता म्हातारी मंडळी एका बाजूला झाली, तरुण दुसऱ्या बाजूला. मधे वाट मोकळी झाली. पूर्वी रोज सकाळी अस्वलबाबासाठी होत असे, तशीच. एका मुंगसाने छत ठोकायची जुनी काठी शोधून आणली. साळूच्या लेकीने ती दोन्ही हातांनी लांडग्यापुढे धरली.

"या, दादा," ती म्हणाली. "तुम्ही हाक द्या. आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत."

लांडग्याने काठीकडे पाहिले. मग खाणीच्या काळोखात पाहिले. आत पुन्हा एक खडा पडला. त्याने वस्तीकडे पाहिले. कोणी रागावले नव्हते, कोणी ओरडत नव्हते. लहान-थोर सगळी खाणीवरची मंडळी ताठ मानेने, शांतपणे वाट पाहत उभी होती. उंबरावरचा कावळासुद्धा गप्प होता.

लांडगा वळला आणि डोंगर उतरून चालू लागला.

तात्पर्य : ज्याच्या हाकेला आपण धावून जातो, तो अंधारात आपल्याआधी पाऊल टाकतो का, हे पाहूनच त्याच्यामागे जावे.