पठारावरचा तव्यांचा कुळव

“पण बाबा, जमीनच वाकडी असेल तर त्यात अवजाराचा काय दोष?”

भानगिरी बाबा घोडीच्या आयाळीतली कुसळं काढत उभे होते. त्यांनी एक कुसळ काढलं, उन्हात धरून नीट पाहिलं आणि फेकून दिलं.

“वाकडी?” ते म्हणाले. “कुणाच्या मानानं?”

विश्वंभर तारळेकरनं समोरच्या माळाकडे बोट दाखवलं.

विश्वंभर शहरातल्या एका अवजारांच्या कारखान्यात नकाशे काढायचा. वय पस्तीस, अक्षर मोत्यासारखं, खिशात सदैव फूटपट्टी. ट्रॅक्टर अजून कुणी पाहिलेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. नांगरटीनंतर ढेकळं फोडून माती पेरणीजोगी करायला त्यानं तव्यांचा कुळव काढला होता. नेहमीच्या कुळवाला खाली सरळ पातं असतं. याला दहा लोखंडी तवे होते, पाच उजवीकडे, पाच डावीकडे. मध्ये एकच एक दणकट लोखंडी सांगाडा. पुढं दोन घोडे.

कारखान्याच्या मैदानावर तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. संस्थानच्या शेतीअधिकाऱ्यांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

“सपाटीवर काय, कुणीही नाचेल,” ते म्हणाले. “आम्हाला डोंगरपट्ट्यातल्या चाळीस गावांसाठी अवजार हवंय. वर बोरघळीच्या पठारावर गोसाव्यांचा मठ आहे. त्यांच्या माळावर चालवून दाखवा. आठवड्यानं मी येतो.”

“आठवडा कशाला? एक दिवस पुरे,” विश्वंभर म्हणाला होता.

बोरघळीच्या मठात घोडे होते, ते पिढ्यान्‌पिढ्यांचे. एके काळी हे गोसावी घोड्यावर बसून लढाया करत. लढाया संपल्या, घोडे उरले. मग एका शहाण्या महंतानं त्यांना शेतीला जुंपलं. आता मठाचे महंत भानगिरी बाबा होते. सत्तरी उलटलेली, भगवी कफनी, दात निम्मे, हसणं पुरं.

आणि माळ? माळ म्हणजे एकाशेजारी एक उंट बसवावेत आणि वर गोधडी टाकावी तसा. चार पावलं चढ, दोन पावलं खड्डा, परत उंचवटा.

पहिल्या दिवशी उजव्या बाजूचे तवे हवेत गरागरा फिरत राहिले आणि डावीकडचे आसापर्यंत मातीत रुतले.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरनं सांगाड्यावर दगड रचले. “वजन कमी पडतंय,” तो म्हणाला. उंचवट्यावर फरक पडला नाही, खड्ड्यात मात्र कुळव असा बसला की काढायला सहा माणसं लागली.

तिसऱ्या दिवशी त्यानं आणखी दोन आडव्या पट्ट्या टाकल्या, सोळा बोल्ट कचकचून आवळले. “सांगाडा लवतोय. तो अजिबात लवता कामा नये.”

त्या दिवशी डावीकडची घोडी, पारवी, शेताच्या मधोमध थांबली. तिच्या खांद्याचं कातडं सोलून निघालं होतं. घोड्यांची देखभाल करणारा हैबती पुढं आला. त्यानं पारवीचा गळपट्टा उतरवला, हळद-तेल लावलं आणि मग म्हणाला,

“आता मी घोडी देनार न्हाई. बाबांनी सांगितलं तरी न्हाई.”

विश्वंभर ओशाळला. खांदा सोललाय हे त्याला दिसलं नव्हतं. तो तीन दिवस फक्त तवे बघत होता.

अधिकारी यायला तीन दिवस उरले होते. त्याहून मोठी काळजी वाफशाची. शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पेरायला माती ना ओली ना कोरडी, अशी लागते. हस्ताचा पाऊस होऊन गेला होता, वाफसा आला होता आणि उन्हं तापायला लागली होती. फार तर चार दिवस. मग ओल खाली जाते आणि वर्षाची पेरणी तिच्याबरोबर. मठानं आपले जुने कुळव बाजूला ठेवून त्याच्यासाठी माळ थांबवून धरला होता.

म्हणून चौथ्या सकाळी तो बाबांकडे आला होता.

“माळ सपाट करून घेऊ,” तो म्हणाला. “पन्नास माणसं लावली तर…”

“आणि चाळीस गावांचे माळ?”

विश्वंभरनं मनातल्या मनात पन्नास गुणिले चाळीस केलं.

“बरं,” बाबा म्हणाले, “तू कधी विचारलंस?”

“कुणाला?”

“ओढणाऱ्याला.”

“घोड्याला काय विचारायचं, बाबा?”

बाबा खळखळून हसले. “तेही खरंच. घोडं मराठी बोलत नाही. मग बोलणारं कुणीतरी शोधू.”

त्यांनी कफनी काढून बोरीच्या झाडावर टाकली. पारवीचा गळपट्टा उचलला आणि सरळ आपल्या गळ्यात घातला.

“चल. पारवीच्या जागी मी. दिवाणाच्या जागी तू.”

दिवाण म्हणजे उजवीकडचा घोडा. तीनदा विनंती केल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे, म्हणून हैबतीनं त्याला ते नाव ठेवलेलं. विश्वंभरनं इकडंतिकडं पाहिलं. कपडे इस्त्रीचे होते. पण सत्तरीचा माणूस जुंपून घेऊन उभा असताना इस्त्रीचं काय सांगणार?

त्यानं गळपट्टा घातला. घोड्याच्या घामाचा उग्र वास आला.

हैबतीनं वरचे दगड उतरवले. तव्यांच्या रांगा सरळ करून टाकल्या, म्हणजे ते माती न कापता चाकांसारखे नुसते घरंगळतील. मग कासरा हातात घेतला आणि मोठ्या गंभीरपणानं ओरडला,

“चला, दिवाणजी!”

कुळव हलला. दोघं वाकून ओढू लागले. मधली लांब दांडी दोघांच्या मध्ये खांद्याइतक्या उंचीवर होती. पंधरा पावलं गेली. विश्वंभरच्या बाजूला एक उंचवटा आला. उजवे तवे त्याच्यावर चढले.

दाणकन आवाज झाला.

विश्वंभर दचकला. पण त्याला काहीच लागलं नव्हतं. बाबा मात्र खांदा चोळत उभे होते.

“लागलं?”

“लागलं.”

“पण… उंचवटा तर माझ्या बाजूला होता!”

“हो.”

“मग दांडी तुम्हाला का लागली?”

बाबांनी खांदा चोळणं थांबवलं नाही. “मी तर गोसावी. तुझ्या कारखान्यात नकाशे तू काढतोस.”

विश्वंभर मागं वळून बघत राहिला. उजवे तवे उंचवट्यावर चढून बसले होते आणि त्यांनी सगळा सांगाडा तिरका केला होता. सांगाड्यानं दांडी तिरकी केली. दांडी गेली डावीकडे. दिवाणाच्या वाटेतला प्रत्येक दगड तीन दिवस पारवीच्या खांद्यावर येऊन फुटत होता. त्यानं जितके बोल्ट आवळले, तितका तो जोरात फुटला.

“परत,” तो म्हणाला.

“काय परत?”

“परत ओढू. तुम्ही बसा बाबा, हैबती येईल.”

“का? मला आता मजा वाटायला लागलीय.”

पुन्हा ओढलं. या खेपेला विश्वंभरचा पाय खड्ड्यात गेला. तो अडखळला, दोन पावलं मागं पडला. त्याला वाटलं, आता बाबा ओढले जातील, पडतील. पण बाबा होते तसेच चालत राहिले. दोघांच्या मागं जे आडवं लाकूड होतं, ज्याला दोघांचेही दोर बांधलेले होते, ते फक्त तिरकं झालं. विश्वंभर सावरून पुढं आला तसं सरळ झालं.

तो थांबला. गळ्यात गळपट्टा तसाच. मागं जाऊन त्यानं ते लाकूड हातानं हलवून पाहिलं. मधोमध एकच खीळ होती. भोक खिळीपेक्षा चांगलं बोटभर मोठं. लाकूड डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं, परत डावीकडे. लहान मुलाला झोका द्यावा तसा तो ते झुलवत राहिला.

चार दिवस हे लाकूड त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

“हे कुणी केलं, हैबती?”

“आमच्या आज्यानं.”

“इतकं सैल का ठेवलं?”

हैबतीला प्रश्नाचं नवल वाटलं. “बरोबरीनं चालनारी जोडी कुनाला मिळालीय, सायेब? एक म्होरं, एक मागं, हे व्हायचंच. घट ठेवलं तर एकाच्या पायी दुसरं मरंल.”

विश्वंभर मटकन सांगाड्यापाशी बसला. त्या सोळा बोल्टांवरून त्यानं एकेक करत बोट फिरवलं. तिसऱ्या दिवशी ते आवळताना तळहाताला फोड आले होते, ते अजून ओले होते.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “यातला कुठला काढू?”

बाबा बोरीखाली जाऊन कफनी अंगात घालत होते. डोकं अजून आत अडकलेलं. आतूनच आवाज आला,

“मला नको विचारूस. मला बांधणं येत नाही. सोडणं तेवढं येतं.”

मठात घोड्यांचे नाल करायला भट्टी होती, भाता होता. विश्वंभर आणि हैबती त्या भट्टीपुढं दोन दिवस बसले. विश्वंभरनं आपल्या हातानं आपला सांगाडा मधोमध कापला. पहिला घाव घालताना त्यानं डोळे मिटले, हे हैबतीनं पुढं सगळ्या गावाला सांगितलं.

आता उजव्या तव्यांचं घर वेगळं, डाव्यांचं वेगळं. दोन्ही अर्धे सांगाडे पुढच्या एका आडव्या दांड्याला जोडायचे, प्रत्येकी एका जाड खिळीवर. भोकं पाडायची वेळ आली तेव्हा विश्वंभरनं सवयीनं खिळीचं माप घेतलं, खडूनं तेवढीच खूण केली. मग ती पुसली आणि बोटभर मोठी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भोक मुद्दाम मोठं पाडलं.

तयार झालेला कुळव दिसायला अगदीच लुळापांगळा होता. उचलला की एक बाजू खाली लोंबायची.

“हे चालंल?” हैबतीनं विचारलं.

“माहीत नाही,” विश्वंभर म्हणाला. आणि ते बोलताना त्याला जरा हलकंच वाटलं.

घोडी मागायची त्याची हिंमत झाली नाही. तो स्वतःच पारवीच्या जागी उभा राहिला, हैबती दिवाणाच्या जागी. उजवीकडच्या उंचवट्यावरून त्यांनी तीनदा कुळव नेला. विश्वंभर खांदा कठीण करून धक्क्याची वाट बघत होता. दांडी नुसती डुलली.

हैबतीनं गळपट्टा काढला, तबेल्यात गेला आणि पारवीला घेऊन आला. तिच्या खांद्यावर खपली धरली होती. त्यावर त्यानं लोकरीची मऊ घडी ठेवली.

“एक फेरी,” तो म्हणाला. “घोडीनं कान मागं टाकले, की थांबायचं. तुमचे अधिकारी आलेले असूद्यात न्हाईतर आनखी कोन.”

“कबूल.”

अधिकारी आलेच होते. बांधावर छत्री उघडून उभे होते. बाबा त्यांच्याशेजारी शेंगा खात बसले होते. दिवाणाला तीनदा विनंती झाली आणि जोडी निघाली.

विश्वंभर कुळवाशेजारून चालत होता, पण त्याचं तव्यांकडे लक्ष नव्हतं. तो पारवीचे कान बघत होता.

पहिला उंचवटा आला. उजवी रांग वर चढली, डावी आपल्या जागी माती कापत राहिली. खड्डा आला. डावी रांग खाली उतरली, उजवी हलली नाही. दोन सख्ख्या जावांसारख्या दोघी एका घरात आपापलं बघत चालल्या होत्या. मागं भुसभुशीत, काळी, ओलसर माती पडत होती, उंचवट्यावरही आणि खड्ड्यातही.

पारवीचे कान पुढंच राहिले. शेताच्या टोकाला तर तिनं शेपटी उडवली आणि वळताना दिवाणाला हलकेच चावून घेतलं.

“बरं हाय तिला,” हैबती म्हणाला. “चालू द्या.”

अधिकारी छत्री मिटून शेतात उतरले. छत्रीचं टोक मातीत खुपसून उंचवट्यावर खोली मोजली, मग खड्ड्यात मोजली, मग पुन्हा उंचवट्यावर. त्यांचे बूट मातीनं भरले तरी ते मोजतच होते.

“तारळेकर,” ते म्हणाले, “ह्याचा नकाशा मला पाठवा. लवकर.”

संध्याकाळच्या आत निम्मा माळ झाला. मागोमाग पेरणीची पाभर धरली गेली आणि वाफसा असतानाच शाळू मातीत पडला.

एकच गोष्ट विश्वंभरच्या मनाला टोचत होती. कुळव वाजत होता. साधासुधा नाही. प्रत्येक उंचवट्याला खिळ्या मोठ्या भोकांत आपटत, दोन्ही सांगाडे खणखणत, आणि ते ऐकून पठारावरचे कावळे उठून खालच्या खोऱ्यात जात. कारखान्यात त्याच्या अवजारांची ख्याती होती, की त्यातून कुरकुर येत नाही.

घोडे पाणी पिऊन परत आले तेव्हा तो पाना घेऊन कुळवाशेजारी उकिडवा बसला होता. बाबा शेंगांची टरफलं झटकत जवळ आले.

“आता काय?”

“बाबा, एवढं एकच राहिलं. फार खडखडतं हो. चामड्याच्या चकत्या घालून जरा घट्ट बसवतो, की आवाज बंद.”

हैबतीनं जोडीला टिचकारी दिली. पाना विश्वंभरच्या हातातच राहिला आणि कुळव खणखणत पुढं निघाला. बाबा कानावर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत उभे राहिले…

“वाजू दे की, विश्वंभरा. इतक्या दिवसांनी दोन्ही बाजू बोलायला लागल्यात.”