एका भिंतीची दोन बी-घरं

फार जुनी गोष्ट आहे, पण आठवली की माझं डोकं अजून तापतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं एक बी-घर होतं. खिडकी नसलेली खोली, भिंतीत कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात बियाण्याचं एकेक मडकं. एका वर्षी पीक बरं आलं, तेव्हा पाटील म्हणाले, "अगदी असंच दुसरं घर बांधा. जुन्यातलं अडीअडचणीला खाऊ. नव्यातलं फक्त पेरणीला. त्याला कुणी हात लावायचा नाही."

काम कारभाऱ्याकडे आलं. त्या आळशानं काय केलं, ऐका! जुन्या घराला लागूनच नवी खोली उठवली. तसंच दार, तसाच उंबरा. आणि जुनेच कोनाडे पलीकडून आरपार फोडले. आता तीच मडकी दोन्ही घरांतून हाताला लागू लागली. काळोखात कळतंय कुणाला?

"बघा, हुबेहूब!" कारभारी मिशीला पीळ देत म्हणाला. "आणि कुणाकडून पसाभर दाणा मागितला नाही."

लोक खूश झाले. अहो, खूश कसले होता? तुम्ही दाणा दिला नाही, कुंभारानं मडकं दिलं नाही, मग आत आलं काय आभाळातून? पण फुकटात मिळालं की विचारतो कोण!

नव्या घराची किल्ली एका विधवेकडे दिली. तिला सगळे आक्का म्हणत. पुढं दुष्काळ पडला. गावानं जुन्या घरातलं बी बिनघोर खाल्लं, कारण दुसरं होतंच ना! खाता खाता जुन्या घरातलं सगळं संपलं. आक्काची पोरं रडायची, "आई, मूठभर आण ना गं." ती त्यांना पाणी पाजून निजवायची. पण कुलूप तिनं उघडलं नाही.

पेरणीचे दिवस आले. सगळ्यांसमोर कुलूप निघालं. मडकी रिकामी!

"किल्ली हिच्याकडे होती, हीच चोर!" कारभारी ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

आक्का रडली नाही. तिनं संतापानं कोनाड्यातलं मडकं ओढलं आणि जमिनीवर आपटलं. भिंतीतून उजेड आला. पलीकडे जुन्या घराचं उघडं दार दिसलं.

"पाटील, या इकडं," ती कडाडली. "चोर बघायचाय ना? या भोकातून बघा. तुम्ही तिकडून खात होतात आणि मी इकडं कुलूप राखत होते. लेकरं उपाशी ठेवून मी राखलं काय, भिंत?"

पाटलांनी भोकातून पाहिलं आणि कारभाऱ्याच्या हातात रिकामी टोपली दिली.

त्या वर्षी शेतं पडीक राहिली. कारभारी टोपली घेऊन गावोगाव बी मागत फिरला, तेव्हा कुठं पुढच्या वर्षी पेरणी झाली. त्या सुगीला जुनं घर पुन्हा भरलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं घर उभं राहिलं. मडकी नवी, दाणा घराघरांतून आणलेला. आक्कानं जुन्या घरातलं मूठभर बी काढलं आणि नव्या घरात जाऊन मडकी पाहिली. तिथला एक दाणाही कमी झाला नव्हता. तेव्हाच तिनं कुलूप लावलं.

सगळे आक्काच्या पाया पडले. पण तिच्या लेकरांची ती भूक आता कोण भरून देणार?

बोध एवढाच: नुसतं घर दुसरं बांधून भागत नाही, नक्कल करायची तर आतल्या शेवटच्या दाण्यापर्यंत करा.