पहिल्या वीस सेकंदांचा निकाल

कोल्हापुरात नवा अल्बम आला की सरनोबत सर वर्तमानपत्रात काय लिहितात, याकडे सगळ्यांचे डोळे लागायचे. त्यांनी नाक मुरडलं की बँडचा कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांपुढेच व्हायचा. सर मात्र छाती फुगवून सांगत, "गाण्याची पहिली वीस सेकंदं ऐकतो. तेवढ्यात निकाल लागतो."

यशोमती घाटगेच्या हलगी-रॉक बँडचा पहिला अल्बम आला. प्रत्येक गाण्यात आधी गिटार एकटीच वाजायची आणि मिनिटाभराने हलगी कडाडायची. सरांनी लिहिलं, "आठही गाणी अप्रतिम आहेत, असं फक्त या पोरांच्या आयांना वाटेल. हलगीचा तर पत्ताच नाही!"

बँडमधल्या पोरांची तोंडं उतरली. यशोमती मात्र हसली आणि पोस्टर छापायला गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी सर तणतणत नाट्यगृहावर आले. गर्दी तुडुंब होती आणि दारावर भलंमोठं पोस्टर होतं : 'आठही गाणी अप्रतिम आहेत – दिगंबर सरनोबत'.

"माझं वाक्य अर्ध्यात तोडतेस? लाज नाही वाटत?" सर दारात उभ्या यशोमतीवर सगळ्यांदेखत गरजले.

"तोडलं कुठं, सर? पहिले चार शब्द वाचले. तेवढ्यात निकाल लागला."

लोक खो खो हसले.

"पूर्ण वाचायला काय झालं होतं?"

"वाचते की! पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखून ठेवलीय. बसा, मिनिटभर ऐका. हलगी कडाडली की तुमचं उरलेलं सगळं माइकवरून मोठ्यानं वाचते."

सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"राहू दे," ते पुटपुटले, "चार शब्द पुरेत."