पहिल्या दिवसाचा फोटो

फार जुनी गोष्ट नाही. केतकी नावाची विद्यार्थिनी पातळ तळाचे बूट घालून रोज टेकडीवर पळायची. पायाखालचा खडा न् खडा कळतो, याचंच तिला सुख. वर पोचली की पाय पसरून बसायची आणि समोर कॅमेरा ठेवून, बुटांचे तळ दिसतील असा पायांचा फोटो काढायची.

उजवा बूट रोज कॅमेऱ्याला विचारायचा, "खरं सांग, माझा तळ झिजलाय का? झिजला असेल तर तिला आत्ताच टोचून सावध करतो."

त्याला वाईट वाटू नये म्हणून कॅमेरा पहिल्या दिवसाचा फोटो दाखवायचा. "छे रे! नवाकोरा आहेस."

एक दिवस गंजका खिळा त्याच्या झिजलेल्या तळातून आरपार गेला. जखम चिघळली. पाय कापावा लागला.

आता केतकीच रोज कॅमेऱ्याला म्हणते, "तो पहिला फोटो दाखव."

त्यात दोन्ही पाय आहेत.